कोटींचं रक्तचंदन की हजारांचा बिजासाल? रेल्वेच्या वाटेत झाड असेल तर हे आधी वाचा

यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या एका शेतातलं झाड २०२५ मध्ये देशभर गाजलं. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेमार्गासाठी जमीन गेली आणि तिच्यासोबत हे झाडही गेलं. जमिनीचे पैसे मिळाले, पण झाडाचे मिळाले नाहीत. झाड रक्तचंदनाचं आहे, असं शेतकरी कुटुंबाचं म्हणणं होतं आणि खासगी मूल्यांकनात त्याची किंमत निघाली सुमारे ५ कोटी रुपये. रेल्वेला हा आकडा मान्य नव्हता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. न्यायालयाने रेल्वेला १ कोटी रुपये जमा करायला सांगितले आणि त्यातले ५० लाख काढून घ्यायची मुभा कुटुंबाला दिली.

मोबाइलवर फिरलेली बातमी एवढीच होती. ‘एका झाडाने शेतकरी करोडपती’, सोबत ‘पुष्पा’मधला एखादा फोटो आणि खाली कॉमेंटमध्ये ‘आमच्या बांधावरही असंच झाड आहे’ म्हणणारे शेकडो लोक.

पुढचा भाग तेवढा फिरला नाही. लाकडाची शास्त्रीय तपासणी झाली आणि झाड रक्तचंदनाचं नव्हे तर बिजासालचं निघालं. किंमत ठरली सुमारे ११ हजार रुपये.

५ कोटी आणि ११ हजार. झाड तेच, खोड तेच, घेरही तोच. बदललं फक्त नाव. आणि हा प्रश्न आता छत्रपती संभाजीनगरच्या दारात आलाय. केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ जुलै २०२५ रोजी छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. खर्च २ हजार १७९ कोटी रुपये. करमाड, बदनापूर, जालना, परतूर, सेलू, मानवत रोड असा हा मार्ग जातो. दुसऱ्या बाजूला अंकाई ते छत्रपती संभाजीनगर दुहेरीकरणही आहेच. जिथे रेल्वेची स्वतःची जागा पुरणार नाही, तिथे शेतजमीन लागेल. जमिनीसोबत विहीर, पाइपलाइन, गोठा आणि झाडं मोजली जातील. त्या वेळी ‘हे झाड कशाचं?’ या प्रश्नाचं उत्तर कोण देणार आणि कशाच्या आधारावर, हे आधीच कळलेलं बरं.

गल्लत होते कशी?

गल्लत करणाऱ्याला वेड्यात काढण्यासारखं काही नाही. दोन्ही झाडं खरोखरच भाऊबंद आहेत. वनस्पतिशास्त्रात दोघांची प्रजाती एकच, टेरोकार्पस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पंख असलेलं फळ. दोघांचीही शेंग आपल्या नेहमीच्या शेंगेसारखी लांब नसते. ती गोल, चपटी, पापडासारखी असते. मध्ये फुगीर भागात एखाद-दुसरं बी आणि भोवती पातळ पंख. वाऱ्यावर गिरक्या घेत लांब जायची ही सोय. रक्तचंदन म्हणजे टेरोकार्पस सँटालिनस आणि बिजासाल म्हणजे टेरोकार्पस मार्सुपियम. दोघंही शिंबावंत कुळातले, म्हणजे तूर, हरभरा आणि शिसवाचे नातेवाईक.

पण खरा घोळ होतो तो रक्ताने. बिजासालच्या सालीवर कुऱ्हाडीचा घाव घातला की लालभडक चीक येतो आणि तो सुकून काळपट लाल, काचेसारखा ठिसूळ डिंक बनतो. या डिंकाला ‘कायनो’ म्हणतात. एके काळी मलबार किनाऱ्यावरून तो युरोपात औषधासाठी आणि कातडी कमावण्यासाठी जात असे. झाडातून रक्त येतंय म्हटल्यावर ‘रक्तचंदन’ हे नाव तोंडात यायला वेळ लागत नाही. रक्तचंदनाच्या सालीतूनही लाल रस येतोच. त्यामुळे ‘लाल चीक आला म्हणजे रक्तचंदन’ ही गावोगावी चालणारी कसोटी कामाचीच नाही. ती फक्त एवढं सांगते, की झाड या भाऊबंदांपैकी कुणीतरी असू शकतं.

नावांनी आणखी भर घातली आहे. बिजासालला मराठीत बिबळा, बिवळा, बीजा अशी नावं आहेत (बिब्ब्याशी त्याचा संबंध नाही). रक्तचंदन या नावात चंदन आहे, पण सुगंधी चंदनाशी त्याचं नातं नाही. चंदन वेगळ्याच कुळातलं अर्धपरजीवी झाड आहे, शेजारच्या झाडांच्या मुळांमधून अन्नपाणी ओढणारं. रक्तचंदनाच्या लाकडाला चंदनाचा वास येत नाही. कुणी ओंडका नाकाशी धरून ‘बघा, सुगंध येतोय’ म्हणत असेल, तर तो दुसरंच काहीतरी विकतोय. तिसरा भिडू आहे रतनगुंज किंवा थोरली गुंज. लाल चकचकीत बियांचं हे झाडही कित्येक ठिकाणी रक्तचंदन म्हणून ओळखलं जातं आणि त्याची रोपं त्याच नावाने खपतात.

पानं मोजा

सगळ्यात सोपी खूण पानात आहे आणि ती बघायला पैसे पडत नाहीत. एका देठावर किती पर्णिका आहेत, ते मोजायचं.

रक्तचंदनाच्या एका पानाला बहुतेक वेळा तीनच पर्णिका असतात, बेलासारख्या. क्वचित पाच. त्या रुंद, जवळजवळ गोल आणि टोकाला किंचित खाच पडलेल्या असतात. बिजासालच्या पानाला पाच ते सात पर्णिका असतात आणि त्या लांबट. टोकाची खाच त्यांनाही असते, म्हणून खाचेवर विसंबू नये. मोजायच्या त्या पर्णिका. पण एकच पान बघून निकाल देऊ नका. वेगवेगळ्या फांद्यांवरची पाच-पंचवीस पानं बघा. कोवळ्या फुटव्यांची पानं हमखास फसवतात.

रतनगुंज तर पानावरूनच ओळखू येते. तिचं पान दोनदा विभागलेलं, गुलमोहरासारखं असतं, पण पर्णिका गुलमोहराहून मोठ्या.

दुसरी खूण साल. मोठ्या रक्तचंदनाची साल काळपट तपकिरी असते. तिला खोल उभ्या-आडव्या भेगा पडून चौकोनी तुकडे दिसतात, मगरीच्या पाठीसारखे. बिजासालची साल करड्या-तपकिरी रंगाची, खरबरीत, वेड्यावाकड्या भेगांची आणि खपल्या सुटणारी. तिसरी खूण उंची. बिजासाल मोठा वृक्ष आहे, चांगल्या जंगलात ३० मीटरपर्यंत जातो. रक्तचंदन मध्यम चणीचं, साधारण ८ ते १० मीटरचं. ‘आजोबांच्या काळापासूनचं प्रचंड झाड आहे’ हे वाक्य रक्तचंदनाच्या बाजूने पुरावा म्हणून सांगितलं जातं. खरं तर ते शंका वाढवणारं आहे.

आणि चौथी गोष्ट झाडाबाहेरची. रक्तचंदन नैसर्गिकरीत्या वाढतं ते पूर्व घाटाच्या दक्षिण टोकाला. आंध्र प्रदेशातल्या शेषाचलम, पालकोंडा, वेलिकोंडा या डोंगररांगा आणि लगतचा थोडा भाग. त्याला खडकाळ, मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. महाराष्ट्रात ते जंगली नाही, कुणीतरी लावलेलंच असणार. बिजासाल मात्र आपल्याकडचा. सागाच्या सोबतीने पानझडी जंगलात वाढणारा, विदर्भातल्या माणसाला चांगला माहीत असलेला. म्हणून यवतमाळच्या शेतात आपोआप आलेलं जुनं झाड दिसलं, तर पहिला अंदाज बिजासालचाच हवा.

गाभा काय सांगतो?

झाडाची किंमत सालीला नसते, बाहेरच्या फिकट लाकडालाही फारशी नसते. ती आतल्या गाभ्याला असते. झाड मोठं होताना मधल्या भागातल्या पेशी पाणी वाहून नेण्याचं काम सोडतात आणि त्यांच्यात रंगद्रव्यं, टॅनिन, राळ साठत जाते. लाकूड टिकाऊ होतं, वाळवी सहसा लागत नाही. रक्तचंदनात हे रंगद्रव्य सँटालिन नावाचं असतं. त्याने गाभा गडद लाल ते जांभळट काळा होतो. हे लाकूड इतकं घट्ट असतं की पाण्यात टाकलं तर बुडतं.

बिजासालचा गाभा सोनेरी-पिवळसर तपकिरी, त्यात गडद रेषा. ओला असताना हाताला पिवळा डाग लागतो. वजनाने सागाहून जड, पण सुकल्यावर पाण्यावर तरंगतो. लाकूड म्हणून तो उत्तमच आहे. घराच्या तुळया, खांब, बैलगाडीचे भाग, शेतीची अवजारं अशा कामांत तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला.

आयुर्वेदिक दुकानात बिजासालचा लाकडी पेला मिळतो. रात्रभर त्यात पाणी ठेवलं की पाणी तांबूस होतं आणि उन्हात धरलं की कडेला निळसर झाक दिसते. मधुमेहासाठी लोक ते पितात. त्याच्या औषधी दाव्यांचा विषय वेगळा, पण निळी झाक खरी आहे. ते लाकडातल्या द्रव्यांचं प्रकाशाला दिलेलं उत्तर आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉईलने अशाच दुसऱ्या एका लाकडाच्या पाण्यातली ही चमक तपासली होती. घरी लाकडाचा भुसा पाण्यात टाकून निळी झाक दिसली, तर बिजासालचा संशय बळावतो. पण तो संशयच, निकाल नव्हे. टेरोकार्पसच्या इतर भावंडांचं पाणीही चमकू शकतं.

निकाल प्रयोगशाळेत लागतो. लाकडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून वाहिन्यांची मांडणी, किरणपेशींची रचना बघतात आणि खात्रीच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. बेंगळुरूची लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आणि देहरादूनची वन संशोधन संस्था इथे लाकडाच्या नमुन्यांचे मोठे संग्रह आहेत. एकाच प्रजातीतल्या दोन भावांमध्ये फरक करताना नुसती रचना पुरत नाही. घनता, रंगद्रव्यं, रासायनिक चाचणी असं सगळं जोडून बघावं लागतं. ‘लाल आहे, म्हणजे तेच’ असं म्हणणारा मूल्यांकनकार आणि ही तपासणी यांच्यात जे अंतर आहे, तेच ५ कोटी आणि ११ हजारांतलं अंतर.

५ कोटींचं गणित मुळातच बसतं का?

हा प्रश्न बातमी फिरत असताना फारसा कुणी विचारला नाही. उभ्या झाडाचं लाकूड मोजायची साधी रीत अशी: छातीइतक्या उंचीवर खोडाचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सरळ खोडाच्या लांबीने गुणायचं. समजा, घेर १.६ मीटर आणि सरळ खोड ४ मीटर. चौथा भाग ०.४, वर्ग ०.१६, गुणिले ४. उत्तर ०.६४ घनमीटर. ही रीत लाकूड थोडं कमीच धरते, पण अंदाजाला पुरेशी आहे.

आता हे सगळंच्या सगळं लाकूड रक्तचंदनाचा गाभा आहे असं मानू. (असं कधीच नसतं, बाहेरचं फिकट लाकूड वजा होतं.) वजन भरेल ७०० किलोच्या आसपास. टनाला ५० लाख रुपये असा भरघोस दर धरला, तरी होतात ३५ लाख. याच दराने ५ कोटींसाठी १० टन निव्वळ गाभा लागेल, म्हणजे असली चौदा खोडं. म्हणजे एका झाडाच्या ५ कोटींवर शंका घ्यायला ते कोणत्या जातीचं आहे, हे कळायचीही गरज नव्हती. टेप आणि कॅल्क्युलेटर पुरेसे होते.

रक्तचंदनाचा दर एवढा चढा का, तर त्याला परदेशात मागणी आहे आणि माल कमी आहे. चीनमध्ये उंची फर्निचर आणि जपानमध्ये वाद्यांचे भाग यासाठी ते लागतं. १९९५ पासून ते वन्यजीव व्यापारावरच्या साइट्‌स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. जागतिक लाल यादीत ते संकटग्रस्त ठरलंय. आंध्र प्रदेश सरकार तस्करांकडून जप्त केलेल्या ओंडक्यांचा प्रतवारीनुसार लिलाव करतं आणि बातम्यांत येणारे टनामागे लाखांचे आकडे तिथले असतात. ते निवडलेल्या, सोललेल्या, प्रतवारी केलेल्या गाभ्याचे दर असतात. बांधावरच्या उभ्या झाडाला तो दर लावणं म्हणजे उसाच्या फडाला साखरेचा निर्यात भाव लावण्यासारखं आहे.

कायदा कोणत्या झाडाच्या मागे आहे?

इथे एक गंमत आहे. महाराष्ट्रात झाडं तोडण्यावर नियंत्रण ठेवणारा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीतली झाडं खासगी जमिनीवर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. साग, चंदन, मोह, चिंच, आंबा, खैर, हळदू, अंजन यांच्या जोडीला त्या यादीत बिजाही आहे. म्हणजे ज्या झाडाला ‘फक्त ११ हजारांचं’ म्हणून लोक हसले, ते राज्याच्या दृष्टीने जपण्याजोगं आहे. जागतिक यादीतही बिजासाल धोक्याच्या उंबरठ्यावरच्या गटात गणला गेलाय. खेड्यातल्या माणसाने दुर्मीळ झाड ओळखलं होतं, फक्त नाव चुकलं.

रक्तचंदनावर वेगळे नियम आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्‌सच्या यादीतल्या जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. खासगी जमिनीवर लावलेल्या रक्तचंदनाच्या निर्यातीला केंद्राने २०१९ मध्ये अटींसह वाट दिली, पण झाड लागवडीचंच आहे, हे कागदावर दाखवावं लागतं. कागद नसेल तर गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नसेल तर बातमीतला दर तुमच्यासाठी नाही.

भूसंपादनापुरतं बोलायचं तर २०१३ च्या कायद्याच्या कलम २९ नुसार जमिनीवरच्या झाडांची किंमत ठरवताना जिल्हाधिकारी कृषी, वन, फळबाग अशा क्षेत्रांतल्या अनुभवी व्यक्तींची मदत घेऊ शकतात. त्यावर कलम ३० नुसार तेवढीच दिलासा रक्कम मिळते. म्हणून झाडाच्या किमतीतली चूक तिथेच थांबत नाही, ती दुप्पट होते. दोन्ही बाजूंनी. फुगवलेली किंमत सरकारला दुप्पट पडते आणि कमी धरलेल्या किमतीत शेतकऱ्याचं नुकसानही दुप्पट होतं. दुसरी शक्यता जास्त घडणारी आहे. पंचनाम्यात ‘इतर झाडे – ४’ असं लिहून टाकलं, तर त्यातला भरदार साग आणि बाभूळ एकाच मापाने मोजले जातात.

रोपं विकणारे आता येतील

अशा बातमीनंतर गावात दोन प्रकारची माणसं येतात. एक, ‘तुमच्या झाडाचं मूल्यांकन करून देतो’ म्हणणारी. दुसरी, रोपं विकणारी. ‘एकरी इतकी रोपं, पंधरा वर्षांत इतके कोटी’ असं गणित व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. १९९० च्या दशकात सागाच्या लागवड कंपन्यांनी शहरातल्या मध्यमवर्गाला हेच गणित दाखवलं होतं. पुढे असल्या योजनांवर सेबीला १९९९ मध्ये नियम करावे लागले.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने दोनच गोष्टी बघाव्यात. रोपाची पानं तीन पर्णिकांची आहेत का? आणि आपली जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी आहे का? असेल तर रक्तचंदनाचं जमणं अवघड, कारण साचलेलं पाणी त्याला चालत नाही. मुरमाड रानात ते जगू शकेल, पण विकण्याजोगा गाभा तयार व्हायला काही दशकं लागतात. पंधराव्या वर्षी तोडलेल्या झाडात बहुतेक फिकट लाकूडच असतं.

मोजणी येण्याआधी

छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या शेतकऱ्याला एक सोय हाताशी आहे. मराठवाड्यातल्या वनस्पतींची नोंद असलेला ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा डॉ. व्ही. एन. नाईक यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ मध्ये याच शहरातून प्रसिद्ध झाला आणि विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभाग आहे. ओळख पटवायला ओंडका न्यावा लागत नाही, झाडावर कुऱ्हाडही चालवावी लागत नाही. पानांसह एक फांदी, फूल असेल तर फूल, आणि शेंग. वर्तमानपत्रात दाबून सुकवलेली ही फांदी, सोबत संपूर्ण झाडाचा, सालीचा आणि पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो. जाणकाराला एवढं बहुतेक वेळा पुरतं. बिजासालला पिवळी सुवासिक फुलं पावसाळ्याच्या अखेरीपासून पुढे येतात. त्या दिवसांत ओळख आणखी सोपी होते.

मग संयुक्त मोजणीच्या दिवशी प्रत्येक मोठं झाड जातीच्या नावासह, घेरासह आणि खोडाच्या लांबीसह पंचनाम्यात लिहून घ्यायचं आणि सही करण्याआधी ते वाचायचं. जातीवरून वाद असेल तर तसं तिथेच लिहून द्यायचं आणि वन विभागामार्फत नमुना तपासायची मागणी करायची. झाड उभं आहे तोवर ही तपासणी सोपी असते. रुळ टाकल्यावर उरतो तो पंचनाम्यातला शब्द आणि मोबाइलमधला फोटो.